सरळ केलेली झाडं

होईल की, पाच फूट काय, सात फूट रुंद चित्र करून देतो— भिंत तेवढी पाहिजे फक्त. बसा ना ताई, त्या खुर्चीवरचे कागद खाली ठेवा आणि बसा, ओल्या चपलांचं काही वाटून घेऊ नका, चार दिवस झड लागलीये, सगळं घरच ओलं आहे. हाताने काढलेलं की कॉम्प्युटरने, असं विचारताय ना? सगळे विचारतात. हातानेच हो! हा टॅब, हे पेन, आणि हा हात— बघा, कसा थरथरतोय. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या मी, अख्ख्या बाजारात 'पेंटर' म्हटलं की मीच, माझं खरं नाव बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ती गेली तशी तेही गेलं. मग हाताने दगा दिला. एका डॉक्टरच्या पाटीवर इतकी वाकडी रेघ आली की तो म्हणाला, पेंटर, तुम्हीच आधी मला दाखवून घ्या. तेव्हा मुलीने हा टॅब आणून दिला. यात एक सोय आहे— रेघ सरळ करून देणारी. तुम्ही कशीही थरथरत ओढा, पडद्यावर ती लोण्यासारखी गुळगुळीत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आता कधीकधी वाटतं, ही सोय मला मिळायला नको होती.

नाही, काही नाही. असंच बोलतो मी, लक्ष नका देऊ. तर— हे डोंगर, ही शेतं, हे सगळं या खिडकीतून दिसतं तेच. आज दिसणार नाही, ढग उतरलेत. खिडकीच्या चौकटीला हा लाकडी ठोकळा ठोकलाय बघा, त्याच्या खाचेत टॅब बसतो, तसूभर हलत नाही. दर रविवारी सकाळी आधी फोटो घ्यायचा आणि त्याच्यावर रंगवत बसायचं. अकरा वर्षं. एकही रविवार चुकवला नाही, ताप असला तरी. लोक म्हणतात तेच ते काय काढता, कंटाळा येत नाही? अहो, तेच ते कुठे असतं? मका कापला की जमिनीचा रंग वेगळा, नांगरली की वेगळा, ढग सरकला की अख्खा डोंगर कूस बदलल्यासारखा वाटतो— म्हणजे, वाटतो. म्हणायची पद्धत. त्या डाव्या कोपऱ्यातला हिरवा चौकोन दिसतो? ते आमचं शेत. आमचं म्हणजे दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं. मी ब्रश घेतला, त्याने शेत घेतलं, वडिलांनी विचारलं तेव्हा दोघांनी एका दमात उत्तर दिलं होतं. आजूबाजूच्यांनी सगळ्यांनी जमिनी विकल्या घरं बांधायला, दादाने नाही विकली. हेकट. फार हेकट माणूस. पण एकदा झाड लावलं की ते कुणाच्या वाढदिवसाला लावलं ते सांगायचा.

तुमचं घर कुठे म्हणालात, म्हणजे प्रकाश कसा येतो भिंतीवर ते कळलं तर— तिथे? त्या नव्या घरांमध्ये? डोंगराच्या पायथ्याशी?

अच्छा.

नाही नाही, छान आहेत की घरं. कितव्या रांगेत? — मागच्या. म्हणजे डोंगराला लागून. हं. चहा घेता का थोडा? नको, बरं. कधी राहायला आलात? — पाच महिने. काय म्हणालात, चित्र बघूनच घर पसंत केलं? कुठलं चित्र? — ते रस्त्यावरच्या फलकावरचं, सकाळच्या उन्हातलं, हिरवी शेतं, मागे डोंगर आणि डोंगरावर ती सरळसोट झाडांची रांग. ते माझंच आहे, ताई. माझंच. म्हणून तर तुम्हाला इथली चित्रं बघताना ओळखीची वाटत होती. हसू नका. नाही, हसा, तुम्हाला काय माहीत.

थांबा, एक गंमत दाखवतो. गंमतच म्हणूया. हे बघा, यात थर असतात— खाली आकाश, त्याच्यावर डोंगर, त्याच्यावर झाडं, एकावर एक काचा ठेवल्यासारखे. दोन वर्षांपूर्वी काही काम नव्हतं म्हणून मी सगळ्यात जुनं चित्र घेतलं, अकरा वर्षांपूर्वीचं, त्याच्यावर त्या दिवशीचं ठेवलं आणि वरचं अर्धं पारदर्शक केलं. असं. बघा. लांबचा तो कडा— एकावर एक, बरोबर. इकडची पाण्याची टाकी, त्या घराचं छप्पर— बरोबर. आता मधला उतार बघा. झाडं दोन दोन दिसतात ना? एक जुनं, एक नवं, नवं खाली. प्रत्येक झाड. मला वाटलं, म्हाताऱ्या, तुझा हात चुकला. पुन्हा बसवलं, चारदा बसवलं, मग रंगवलेलं सगळं काढून नुसते फोटो एकमेकांवर ठेवले. टाकी हलत नाही, छप्पर हलत नाही, कडा हलत नाही. मधला डोंगर तेवढा खाली आलाय. पहिली आठ वर्षं केसभर. मग घरं बांधणाऱ्यांनी रस्त्यासाठी पायथा खणला, तिथून पुढे बोटभर. आणि झाडं अशी मागे कलंडलेली, माणूस उतारावर मागे रेलून पाय रोवतो ना, तशी.

कुणाला सांगितलं? दादाला. आणखी कुणाला सांगणार? तो इथेच उभा होता, तुम्ही बसलात तिथे. पडद्यावर बोट ठेवून आधी आपलं शेत शोधलं त्याने. मग म्हणाला, "मला वाटलं म्हातारपणी माझेच डोळे फिरलेत. बांध पोटातून फुगलाय, कुंपणाचे खांब वाकलेत, विहिरीला गढूळ पाणी येतंय. तू हे त्यांना दाखव." मी म्हटलं, कुणाला? म्हणाला, "घरं बांधणाऱ्यांना दाखव, सरकारात दाखव, पेपरात दे. माझं कोण ऐकतंय, मी जमीन न विकणारा खडूस. तुझ्याकडे तारखा आहेत." तारखा आहेत हे खरं. प्रत्येक चित्राला तारीख चिकटलेली असते यात, आपण लिहावी लागत नाही.

मी म्हटलं, बघतो.

बघतो म्हणालो आणि बसून राहिलो. आता कारण विचाराल. माझी मुलगी तिथेच कामाला आहे ना, त्या घरं बांधणाऱ्यांच्या ऑफिसात. नुकती लागली होती. मोठ्या मुश्किलीने लागली होती— नवरा सोडून आली, पदरात लेकरू, दीड वर्ष घरात तोंड मिटून बसलेली पोर, ती सकाळी डबा घेऊन बाहेर पडायला लागली होती. जिन्यावरून उतरताना गुणगुणायची. मी काय करू, त्या जिन्यावर काटे टाकू? आणि त्याच आठवड्यात तो आला, जाकीटवाला, तिचा साहेब. फार गोड माणूस. म्हणे, तुमच्या मुलीने तुमची चित्रं दाखवली, पेंटरकाका, आम्हाला असंच एक द्या फलकासाठी. मी दिलं. त्याने निरखून बघितलं आणि म्हणाला, "सुंदर! फक्त ही झाडं जरा सरळ करा. वाकडी झाडं बघून माणूस उगाच बिचकतो." हसत म्हणाला. त्याला माहीत होतं का? ते मला आजही कळलेलं नाही. माहीत असेल तर तो एक प्रकारचा माणूस, नसेल तर दुसऱ्या प्रकारचा, पण मी कुठल्या प्रकारचा ते दोन्हीकडून सारखंच राहतं.

सरळ केली. एक अख्खी दुपार लागली. एकेक झाड धरायचं आणि उभं करायचं. बावन्न झाडं.

दादाने फलक बघितला. बाजारातून येताना बघितला असणार. घरी आला नाही, फोन केला, आणि एवढंच म्हणाला, "झाडं छान काढलीस." ठेवला फोन. मग आठ महिने आम्ही बोललो नाही. मी रोज म्हणायचो उद्या जाईन. तिकडे रांगा उभ्या राहत होत्या, एक, दोन, मग तुमची मागची. आणि मग तो रविवार. सकाळचं ऊन काय पडलं होतं, धुतल्यासारखं. मी फोटो घेतला, रंग भरायला बसलो. दादा विहिरीपाशी दिसला, एवढासा, नखाएवढा. कठड्याशी वाकून आत बघत होता. आणि विहिरीची वरच्या अंगाची कड गेली— मातीसकट, दगडांसकट, दादासकट— म्हणजे, पाय घसरला त्याचा. असं— असं सगळे म्हणाले. कठडा ओला होता.

असं मीच सांगितलं. लोक आले होते विचारायला, जाकीटवालाही होता त्यांच्यात, माझी मुलगी शेजारी उभी होती रडत. मी म्हटलं, वय झालं होतं, पाय घसरला असेल. कुणी विचारलंच नाही की तुम्ही खिडकीत होता का. विचारलं असतं तर सांगितलं असतं? काय माहीत. सांगितलं असतं असं वाटतं. — नसतं सांगितलं.

असं बघू नका माझ्याकडे. मला वाटलं होतं, दादा गेल्यावर तरी थांबेल. म्हणजे डोंगर. काय मूर्खपणा, डोंगराला काय ठाऊक कोण गेलं ते. पण थोडा थांबल्यासारखा दिसला, खरंच, उन्हाळाभर काही हललं नाही, मी रोज मापून बघत होतो— रविवारी नाही, रोज— आणि म्हटलं, चला, बसला असेल आपल्या जागेवर. लोकांची घरं झालीत, पोरं खेळतात, कशाला उगाच...

काय म्हणालात? दार? तुमचं दार काय झालं? — अडकतं. पावसाने फुगलं असेल. — सुताराने दोनदा रंधा मारला? आणि तरी अडकतं? कुठलं, मागचं की पुढचं? — मागचं. डोंगराकडचं. लाकडी चौकट आहे की लोखंडी? — लोखंडी.

लोखंड फुगत नाही, ताई.

एक मिनिट. एक मिनिट, मला नीट विचार करू द्या. घरी कोण आहे आत्ता? — सासूबाई आणि बाळ. तुमचे मिस्टर? — कामाला. बरं. तुमच्या घरामागे तो झरा आहे ना, उतारावरून येणारा, पावसात पांढरा दिसतो— वाहतोय का तो? आठवा. आज सकाळी निघताना. — आवाज नव्हता. नक्की? चार दिवस पाऊस पडतोय, सगळे ओहोळ भरून चाललेत आणि तो एकटा गप्प आहे? मीही आज पहाटे ढग जरा वर गेले तेव्हा बघितलं, तो पांढरा पट्टा नव्हता. मला वाटलं, धुकं आहे. मी तो चित्रात काढला. अहो, मी काढला तो झरा! सवयीने! नव्हता तिथे आणि मी काढला!

पाणी गेलं कुठे मग? आत गेलं. डोंगराच्या पोटात साठतंय.

फोन करा. नाही, घ्या आधी फोन हातात आणि करा, चित्राचं काय घेऊन बसलात. सासूबाईंना सांगा, बाळाला उचला आणि पुढच्या दाराने निघा, काहीही बरोबर घेऊ नका. रस्ता ओलांडून टाकीकडे यायला सांगा, टाकी हललेली नाही. — उचलला? काय म्हणतात? — बाळ आत्ताच झोपलंय? उठल्यावर निघतो? द्या, इकडे द्या तो फोन. हॅलो, आजी? कोण ते सोडा. नाही, पावसाला घाबरून नाही सांगत. उठवा त्याला. रडू दे, रडत रडत आणा. छत्री शोधू नका! शेजारच्या दारावर थाप मारत या, प्रत्येक दारावर, नुसतं ओरडा. काय ओरडू? अहो, आग लागली म्हणा, आग म्हटलं की माणसं विचारत नाहीत. हां. हां. निघा.

निघाल्या. बाळाचा आवाज येत होता. निघाल्या त्या, ताई, रडू नका, रडायला वेळ नाही.

हा टॅब घ्या. घ्या म्हणतो ना! सगळी चित्रं यात आहेत, खालचे फोटोही आहेत, तारखांसकट, सरळ केलेली आणि न केलेली, तो रविवारही आहे. अग्निशमनवाल्यांकडे जा, चौकातून उजवीकडे, एकावर एक ठेवून दाखवा जसं मी दाखवलं तसं, दोन मिनिटांत कळेल त्यांना. मी आलो असतो, पण माझे पाय तुमच्या निम्म्यानेही चालत नाहीत, मी फोनवरून बाकीच्या रांगा उठवतो, मुलीकडे नंबर आहेत सगळ्यांचे. तिला सांगावं लागेल. हो. सांगतो.

आणि हे बघा— त्यांनी विचारलं, इतके दिवस हे कुणालाच कसं कळलं नाही, तर गप्प नका बसू. सांगा, पेंटरला माहीत होतं.

जा.