जहूरच्या मनगटावरचं घड्याळ

(फुजैरातलं हॉटेल. सायकल-सफरीतला विश्रांतीचा दिवस, दुपार.)

मिहिका : मग तुम्ही इथे कसे, काका?

वासुदेव : कसा म्हणजे? खोली माझी, पलंग माझा.

मिहिका : फोन बघा. वासुदेव नावाचा ठिपका कॉर्निशवर चाललाय. समुद्राकाठी, झपाझप.

वासुदेव : जीपीएस गं. डोंगरांमुळे गंडतं इथे.

मिहिका : ठिपका आत्ता शावरमाच्या दुकानात शिरला. तुम्ही अंडंसुद्धा खात नाही. मनगट दाखवा.

वासुदेव : हळू बोल. भिंती पातळ आहेत.

मिहिका : घड्याळ कुणाला दिलंत?

वासुदेव : व्हॅन चालवणाऱ्या जहूरला. आपल्या तहसीनचा नियम माहितीये ना तुला? सुट्टीच्या दिवशी ज्याची नाडी खाली येत नाही, तो उद्या व्हॅनमध्ये. जहूर पंचविशीतला, त्याची नाडी म्हणजे झोपलेलं कासव. सकाळपासून ग्रुपवर माझी म्हणून तीच दिसतेय. सगळ्यांनी अंगठे पाठवलेत.

मिहिका : मीपण पाठवला. आणि तुमची खरी?

वासुदेव : जरा वर आहे. कालचा चढ, वर रात्री छोले. पित्त झालंय.

मिहिका : दुखतंय?

वासुदेव : दुखत नाही. जड वाटतं.

मिहिका : कुठे?

वासुदेव : इथे. आणि थोडं जबड्यात. दाढ असेल.

मिहिका : एसी एवढा लावलाय, तरी तुमची उशी ओली आहे.

वासुदेव : तुझ्या आईसारखी बघू नकोस माझ्याकडे.

मिहिका : बाबांनाही पित्तच झालं होतं.

वासुदेव : दौलतचं वेगळं होतं.

मिहिका : काय वेगळं होतं? गेल्या वर्षीची हीच सफर, हाच सुट्टीचा दिवस. ते सोडा मागत होते आणि तुम्ही सगळे कॅरम खेळत होता.

वासुदेव : म्हणून तर, मिहिका. तो गेला आणि उद्याचा टप्पा त्याचा राहिला. त्याच्या सायकलवरून मी तो पुरा करणार, असं मी मनाशी धरलंय. व्हॅनमध्ये बसून कसा करू?

मिहिका : ती सायकल मी दिली तुम्हाला. आईशी भांडून. तुम्हाला काही झालं तर ती परत मागायला तुमच्या घरी, स्मिताकाकूंच्या दारात उभी राहू? काय म्हणू त्यांना?

वासुदेव : अगं, एवढं काही...

मिहिका : नाही, उठू नका. बसा. टेकून बसा. हॅलो? हो, अँब्युलन्स. छातीत दुखतंय. वय बासष्ट. हो, शुद्धीवर आहेत... काका, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे? पोटात अल्सर वगैरे?

वासुदेव : नाही. आल्याचा चहा चालेल म्हणावं.

मिहिका : अ‍ॅलर्जी नाही म्हणतायत. हो, गोळी आहे माझ्याकडे. ही घ्या. गिळू नका, चावा.

वासुदेव : कडू आहे.

मिहिका : असू दे. तहसीनभाई! तहसीनभाई, दार उघडंच आहे.

तहसीन : काय झालं? अरे, काकांचा चेहरा असा का? सकाळी तर यांचीच नाडी सगळ्यांत भारी होती.

मिहिका : ती यांची नव्हती.

तहसीन : या अल्ला. काका, दापोलीच्या माणसाला फसवलंत? मला? तुमच्या भरवशावर मी उद्याची यादी लावली.

वासुदेव : ओरड, पण उद्या. आज बरं वाटत नाहीये.

तहसीन : बोलू नका. मी खाली जातो, लिफ्ट धरून ठेवतो. गाडी दिसली की फोन करतो. बस, आलोच.

वासुदेव : घाबरलीस, बेटा?

मिहिका : हो. तुम्हीही घाबरा ना जरा.

वासुदेव : पहाटेपासून तेच करतोय. म्हणून तर घड्याळ काढलं. तो आकडा बघवेना.

मिहिका : मला उठवायचं होतंत. शेजारच्याच खोलीत होते.

वासुदेव : तुला? तुला कसं उठवू गं?

मिहिका : डोळे मिटू नका. काका, बोला काहीतरी.

वासुदेव : सुचत नाही.

मिहिका : मग मी सांगते. बाबांचं. तुम्ही फक्त हं म्हणायचं.

वासुदेव : वर्षभर त्याचं नाव नाही काढलंस.

मिहिका : काढते आता. आम्ही शारजात राहायचो, रोल्लाला. बाबांनी तिथल्या बाजारातून जुनी सायकल आणली. ब्रेकच नव्हता तिला. आई म्हणाली, हे धूड घरात नको. मग ते सायकल खांद्यावर घेऊन जिन्यातच बसले. आई दार उघडेना, बाबा हलेनात... काका?

मिहिका : काका, हं म्हणा.

वासुदेव : हं.