ताई, वाट

मी चांदवडची. बाप हायवेवर पंक्चरं काढायचा, आई व्यापाऱ्याच्या कांदाचाळीत कांदा निवडायला जायची, आन् मी कबड्डी खेळायचे. धिप्पाड व्हते म्हणून संघात घेतली, नायतर भित्री पहिल्यापासूनची. चढाईच्या आधी पोटात अशी कळ यायची की आई म्हणायची, अगं मंग खेळती कशाला. पण खेळले, आन् त्याच जोरावर नोकरी लागली, पार सुरगाण्याकडच्या डोंगरात, आश्रमशाळेत, खेळाची बाई म्हणून. आता गंमत बघा, मुलींना धीर द्यायचा म्हणून पगार मला, आन् शर्यतीच्या दिवशी हातपाय गार पडायचे ते माझेच.

ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. सुमन म्हणून एक मुलगी व्हती आठवीत, काटकुळी, कमी बोलणारी. पंधराशे मीटर धावायची. काय सांगू तुम्हाला, एकटी धावली की नुसता वारा, आन् शर्यतीत कायम दुसरी. तालुक्याला दुसरी, कळवणला दुसरी, पुढची पोरगी कितीबी रखडत असू द्या, ही आपली तिच्या मागं. हेडसर म्हणायचे, बाई, हिच्यात जिद्दच नाय. मी तिला जवळ घेऊन सांगायचे, भिऊ नको, श्वास घे, डोळे मिटून आपण पहिले आलोय असं बघ. ती मान डोलवायची. आन् परत दुसरी.

मला घोर कशाचा, तर त्या वर्षी नाशिकला क्रीडा वसतिगृहाची निवड व्हती, आन् पंधराशेच्या शर्यतीतनं एकच मुलगी घेणार व्हते, पहिली येईल ती. सुमनचा बाप मला सांगून गेलेला, बाई, निवडली तर शिकू दे, नाय तर दिवाळीनंतर आम्ही निफाडकडं द्राक्षाच्या कामाला निघतो तवा तिला नेतो, बारक्यांना सांभाळायला माणूस पायजे. रागानं नाय बोल्ला तो, अगदी साधं बोल्ला. त्यानंच माझी झोप उडाली.

मंग एका रविवारी मी मुलींना घेऊन बाजाराला निघाले. डोंगरातली पायवाट, एका अंगाला दरी, सगळ्या एकामागं एक. पुढं एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललेली, लय हळू. ह्या पोरी तिच्यामागं गुमान. मला घाई, मी म्हटलं, अगं जा की पुढं. तर सुमन म्हणती, असं कसं बाई, मोठ्या माणसाला वाट मागितल्याबिगर ओलांडत नाय, भारा कलंडला तर दरीत जाईल ती. आन् तिनं हाक दिली, आजी, वाट. म्हातारी कडेला सरकली, आम्ही पुढं गेलो. मी चालता चालता थांबलेच. म्हटलं, सुमे, शर्यतीतबी असंच करती का गं तू? ती म्हणाली, त्या पोरी मोठ्या असत्यात ना बाई.

बघा आता. आम्ही सगळे भीती भीती करत बसलो, आन् पोरगी आपली रीत पाळत व्हती. ती रीत मोड म्हणून सांगायला माझी जीभ काय वळेना. मी म्हटलं, मंग तिथंबी माग की वाट. मंग रोज संध्याकाळी मोठ्या मुलींना पुढं सोडायचे, ही मागनं ओरडायची, ताई, वाट, त्या सरकायच्या, ही पुढं जायची. आधी लाजली, मंग खुलली. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायचाच, नाशिकच्या पोरींना काय कळणार हे? त्या नाय सरकल्या तर? तिच्यापाशी बोल्ले नाय मी हे. माझं भ्या तिच्या डोक्यात कशाला घाला.

नाशिकच्या मैदानावर उंचपुरी, बूट घातलेली एक पोरगी सगळ्यांच्या पुढं, आन् ही अनवाणी तिच्या मागं. शेवटचा फेरा आला. मी पदर दातात धरलेला. आवाज आला, ताई, वाट. ती पुढची ढिम्म. परत आवाज आला, ताई, वाट. तरी नाय सरकली. मी डोळेच मिटले, म्हटलं संपलं, गेली ही द्राक्षाला. उघडले तर सुमन आतली कड सोडून पार बाहेरच्या अंगाला, वाट सोडून गवतातनं जावं तशी, लांबचा वळसा घेऊन चाललेली, आन् गेली की पुढं.

पहिली आली. मी रडत रडत पळाले तिच्याकडं, तर ही माझ्याकडं बघंना, आधी त्या पोरीपाशी गेली, धापा टाकत, आन् म्हणाली, ताई, रागावू नको, मी दोनदा वाट मागितली व्हती.

आता सुमनच नाशिकला पोरींना धावायला शिकवती. माझे गुडघे गेले, नोकरी सोडली, पंचवटीत लेकाकडं राहते, सकाळी तिच्या मैदानावर हळूहळू चालते. परवा मागनं बारक्या मुलींचा घोळका आला, शहरातल्याच सगळ्या, आन् एकीनं हाक दिली, आजी, वाट. सरकले मी कडेला. म्हटलं, जा गं बायांनो, लांब जा. त्या गेल्या, आन् माझ्या पोटात परत तीच कळ, रविवारी शर्यत हाय ना त्यांची.