खाली घातलेली मान

सन्माननीय अध्यक्ष, छापखान्याचे मालक, व्यासपीठावरच्या संपादिकाबाई, बांधणी खात्यातल्या सगळ्या मुली आणि मित्रहो,

माझी बायको आज बांधणी खात्यातल्या अडतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होते आहे. तिच्याबद्दल मीच बोलावं, असा मालकांचा आग्रह. मी इथला जुना फोरमन, सातवीपर्यंत शिकलेला. माइक चालू आहे ना? बरं.

या छापखान्यानं जन्मभर प्रेमाच्या कादंबऱ्या छापल्या. नायक पंचेचाळिशीचा साहेब, नायिका विशीतली टायपिस्ट. तो विचारतो, ती मान खाली घालते, पुढच्या पानावर लग्न. ते वाक्य मी स्वतः शिशाच्या अक्षरांचे खिळे लावून किती वेळा जुळवलं असेल! कधी शंका आली नाही. का यावी?

गेल्या महिन्यात संपादिकाबाईंनी मला एका नव्या कादंबरीची मुद्रितं तपासायला दिली. त्यातही तेच मान खाली घालण्याचं वाक्य, आणि समासात त्यांनी लाल शाईनं लेखकाला विचारलं होतं, "हा होकार कसा? तो तिचा साहेब आहे. नाही म्हणायची तिला सोय होती का?" मला राग आला. घरी हिला दाखवलं, म्हटलं, "बघ, आता लाजलेलंही चालत नाही यांना!" ही चादरी आवरत होती. म्हणाली, "अहो, तावांच्या घड्या घालणारीची मान दिवसभर खालीच असते."

तुम्ही हसताय. मीही हसलो होतो. मग हसू कुठं गेलं कळलं नाही.

कारण मी हिला विचारलं ते बांधणीच्या टेबलापाशीच. मी अडतिसाचा, ही विशीची, कामाला लागून सहा महिने झालेली. कुणाला शिलाईवर बसवायचं, कुणाला रजा द्यायची, सगळं माझ्या हातात. मी म्हणालो, "तुझ्या वडिलांना भेटायला येऊ का?" हिनं मान खाली घातली. की होतीच खाली? पुढ्यात ताव होता, एवढं पक्कं आठवतं. लग्नानंतरही वर्षभर ही मला 'साहेब'च म्हणायची. तेव्हा ते फार गोड वाटायचं. आता कसं वाटावं, समजत नाही.

संसार चांगला झाला. म्हणजे असं मी म्हणतो. हिला कुणी विचारलंय? महिनाभर माझी जीभ रेटली नाही. म्हणून ठरवलं होतं, आज चारचौघांत विचारून टाकायचं, तेव्हा तुझा होकार होता का?

"अहो, आवरा आता!" ऐकलंत ना, पुढच्या रांगेतून हुकूम आला. अध्यक्षसाहेब, एकच मिनिट.

इथं उभं राहिल्यावर माझा घोटाळा झाला आहे. मी वर, माइक माझ्या हातात. ही खाली खुर्चीत, आणि तुम्ही दोनशे माणसं टाळ्या वाजवायच्या तयारीत. हो म्हणण्यावाचून ही दुसरं काय म्हणेल? म्हणून विचारायचं नाही, असं आत्ताच ठरवलं, आणि ते सांगता सांगता सगळंच बोलून बसलो! आता हे मागे कसं घ्यायचं?

अगं, इथं काही बोलू नकोस. घरी गेल्यावरही मी तोंडाकडे बघतोय म्हणून बोलू नकोस. मी बघेनच, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

मालकांनी बोलायला दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर आपण सर्वांनी मोठ्या मनानं माफ करावं. हिनं मात्र घाई करू नये.