शंखावरची जाड रेघ

मुलुंडच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घातल्यावर तासभर धूसर दिसायचं, म्हणून सोबत माणूस लागायचाच. सुगंधाबाईंनी आल्याआल्या सांगून टाकलं होतं, "मुलगा खाली गाडी लावतोय." शेजारी बसलेली मुलगी वडिलांना कॉलेजातला शंख दाखवत होती.

"बाबा, थेंब घालायच्या आत बघून घे. समुद्रातली गोगलगाय तोंडाशी थोडा थोडा शंख वाढवत जाते. या बारीक रेघा वाढीच्या."

"आणि ही जाड?"

"तिथे वाढ थांबलेली. खायला मिळालं नसेल, नाहीतर ऊन फार असेल."

"मग? मेली?"

"छे. शंखाच्या तोंडावरचं झाकण ओढून आत बसून राहिली."

"किती दिवस?"

"ते रेघेवरून नाही कळत."

"आत जिवंत आहे, हे तरी बाहेर कळतं ना?"

"झाकण लावल्यावर कसं कळणार, बाबा?"

काउंटरवरून हाक आली.

"सुगंधा परब. मुलगा आला का?"

"येतोय. गाडीला जागा मिळत नाहीये त्याला."

"आजी, मागच्या महिन्यातही मिळाली नव्हती."

सुगंधाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"मुलुंडला गाड्या फार वाढल्यात हो," त्या म्हणाल्या.