नलूचे पाय

“सायकलीर बसयतास तर नलूचे पाय पंच्यान बांधा,” सासूबाईंनी बजावलं होतं.

“माझी नलू शहाणी आहे, माई,” म्हणत सुनीती हसली होती.

आज सदानंद लेकीला सायकलीवर मागे बसवून शिरोड्याचा समुद्र दाखवायला पुढे गेला. सुनीती सामान घेऊन वेंगुर्ल्याला एसटीच्या रांगेत उभी होती. मागे दोघी बायका एकीच्या नवऱ्याबद्दल आणि मुलीबद्दल बोलत होत्या.

“यशोदा, तुझो घोव चेडवाचे पाय बांधता कित्याक गो?”

“चाकात जातले म्हणान.”

“तुझां चेडू तर शाणां आसा.”

“जागां आसता तवसर! वारो लागलो काय निजता. मगे शाणपण खंय?”

“बांधल्यार रडत नाय?”

“रडांदे. रडता म्हणजे जागां आसा.”

गाडी अजून येत नव्हती. शिरोड्याच्या रस्त्याला सायकलीमागे पिवळ्या फ्रॉकातली मुलगी दिसली, तर जरा बघाल का, ती जागी आहे ना?