दोन्ही बिल्ले फळीवर

नाव वर लिहिलंच आहे. वय ५९ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बस डेपोच्या मागे, दुसरा मजला, पतीसह. ठाण्यात स्वतः येऊन सांगते ते असं :

मी आणि आमचे हे दर रविवारी गावाबाहेरच्या राखीव जंगलात फिरायला जातो. आधी निसर्ग केंद्रात प्राण्यांच्या पावलांचे ठसे बघायचे, मग पायवाटेनं तळ्यापर्यंत जाऊन परत यायचं. जाताना फाटकाजवळच्या फळीवरून माणशी एक बिल्ला घ्यायचा आणि बाहेर आलं की तिथेच अडकवायचा. सगळे बिल्ले आले की पहारेकरी कुलूप लावतो. आमचे हे पक्के वेंधळे. एकदा बिल्ला तळ्यात पाडून आले. तेव्हापासून दोघांचे बिल्ले मी माझ्याच पर्सला पिनेनं टाचते.

आज तळ्याजवळ आमचं वाजलं. ह्यांना पलीकडच्या आडवाटेनं परतायचं होतं. मी म्हटलं, ‘घरातला दिवा बदलायला शेजाऱ्याला बोलावता आणि इथे मला वाट दाखवताय?’ ते म्हणाले, ‘तू तुझ्या वाटेनं जा. बघू, आधी कोण पोचतं.’ माझा पारा चढला. मी तणतणत एकटी निघाले.

फाटकाशी आले आणि सवयीनं दोन्ही बिल्ले अडकवले. हे अजून मागेच आहेत, याचं भानच राहिलं नाही. केंद्रात जाऊन बाकावर बसले. येतील धापा टाकत, मग बघते, असं मनात होतं. पाचच्या सुमारास पहारेकरी आला. म्हणाला, ‘मावशी, चला आता. सगळे आले, कुलूप लावलं.’ मी म्हटलं, ‘आमचे कुठे आलेत?’ त्यानं फळी दाखवली. मी म्हटलं, ‘अरे, ते दोन्ही मीच अडकवलेत.’

त्यानं तिथल्या तिथे कुलूप काढलं. तो आणि केंद्रातला माळी आडवाटेनं धावले. ओढ्याच्या उतारावर ह्यांची एक चप्पल मिळाली, हे मिळाले नाहीत. पहारेकऱ्याला उगाच धारेवर धरू नका, त्यानं फळी बघून केलं ते बरोबरच केलं. मला मात्र तुम्ही तीनतीनदा विचारताय, भांडण कशावरून, एकट्या का परतलात. सांगितलंय सगळं. आत रानडुकरं आहेत आणि अंधार पडतोय. मला भीती वाटतेय, हेही लिहा.

तुमची माणसं भोंग्यावरून हाका मारतायत, असं आत्ता कळलं. काही उपयोग नाही. यंत्राशिवाय ह्यांना ऐकू येत नाही. भांडताना ते त्यांनी कानातून काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं, ‘आता बोल हवं तेवढं’ म्हणाले. तेव्हा ओरडत बसू नका, बॅटऱ्या दाखवा. आणि मला तिकडे न्या. मला लांबूनही ओळखतील.

लिहिलेलं हवालदारांनी मोठ्यानं वाचलं, ते मी सांगितल्याप्रमाणेच आहे. कानातलं यंत्र ठाण्यात जमा करा म्हणतात, ते मी देणार नाही. हे सापडले की आधी ते त्यांच्या कानात घालणार आहे. मला त्यांच्याशी बोलायचंय.