जिन्याखालचं टेबल

डिस्पॅचकाका : ...आणि पोचेची सही कुठे करायची तेवढं दाखवा. मेमो मी घरी जाऊन वाचीन, चष्मा खाली राहिलाय.

मॅनेजर : आधी बसा काका, दम घ्या. मेमो अजून लिहिलेला नाही.

डिस्पॅचकाका : म्हणजे माझ्यासमोरच लिहिणार?

मॅनेजर : आधी विचारणार, मग लिहिणार. पंचवीस वर्षं तुम्ही इथून काचेच्या नळ्यांच्या पेट्या पाठवताय. एकही चुकीच्या दारात गेली नाही म्हणतात. आणि या महिन्यात दोन गेल्या. एक शाळेच्या रिकाम्या इमारतीत, एक प्रयोगशाळेच्या बंद फाटकाशी. साहेब म्हणाले, काकांचं वय झालं, लेखी ताकीद द्या.

डिस्पॅचकाका : साहेबांचं काय चुकलं? वय कुणाला चुकलंय?

मॅनेजर : पत्ता कुठून घेता तुम्ही?

डिस्पॅचकाका : रजिस्टरमधून.

मॅनेजर : रजिस्टर मी काल चाळलं. निम्मे पत्ते जुने आहेत. मग आजवर पेट्या बरोबर कशा पोचल्या?

डिस्पॅचकाका : मॅडम, तुम्ही वकिली शिकलात का?

मॅनेजर : मानवशास्त्र.

डिस्पॅचकाका : हां, ते. म्हणजे डॉक्टरीतलंच काहीतरी ना?

मॅनेजर : नाही हो. माणसं एकत्र कशी राहतात, वागतात, ते बघायचं. माझी आत्या म्हणते, त्याला पदवी कशाला हवी? एखाद्या लग्नात कोपऱ्यात खुर्ची टाकून बस.

डिस्पॅचकाका : आत्याबाई काही खोटं बोलल्या नाहीत.

मॅनेजर : मी बसडेपोत बसले. ड्रायव्हर लोकांच्या विश्रांतीच्या खोलीत चार महिने, वही घेऊन. कोण कुठल्या बाकावर बसतं, कोण कुणाला काय सांगतं. मग नोकरीसाठी अकरा मुलाखती दिल्या. सगळ्यांनी एकच विचारलं, याचा ऑफिसात उपयोग काय? इथल्या साहेबांनी विचारलं नाही, म्हणून मी इथे.

डिस्पॅचकाका : मग काय उपयोग?

मॅनेजर : तेच बघतेय. पेट्या बरोबर कशा पोचायच्या, काका?

डिस्पॅचकाका : ऑर्डर घेणारी बाई सांगायची. तिला गिऱ्हाईक फोनवर बोलतं ना, आम्ही जागा बदलली, मागच्या दाराने या, दुपारी कुणी नसतं. फॉर्मवर हे लिहायला रकाना नाही. मग साडेदहाला चहाच्या टेबलाशी उभी राहून ती भडाभडा बोलायची. निम्मं सासूचं, निम्मं मालाचं. मालाचं तेवढं मी लक्षात ठेवायचो.

मॅनेजर : आणि आता सांगत नाही?

डिस्पॅचकाका : आता भेटते कुठे? चहा वर गेला.

मॅनेजर : जिन्याखालचं टेबल वरच्या पॅन्ट्रीत मी हलवलं.

डिस्पॅचकाका : तुम्हीच. तीन दिवस घड्याळ घेऊन उभ्या होतात.

मॅनेजर : माणशी अठरा मिनिटं वाया जातात, असा अहवाल दिला मी. साहेबांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवला. पण सगळे वर येतात चहाला. तुम्ही का येत नाही?

डिस्पॅचकाका : असंच.

मॅनेजर : काका.

डिस्पॅचकाका : गुडघा. एकवीस पायऱ्या आहेत. आज तुम्ही बोलावलंत म्हणून चढलो. दोन वर्षं राहिलीत माझी, गुडघ्याचं कळलं तर साहेब आजच घरी बसवतील. घरी कोण आहे? मी आणि रेडिओ.

मॅनेजर : मला एका शब्दाने बोलला असतात तर?

डिस्पॅचकाका : तुम्ही विचारलं नाहीत. मिनिटं मोजलीत. म्हटलं, नवीन माणूस आहे, कशाला हौसेवर पाणी ओता?

मॅनेजर : आमचे सर म्हणायचे, नव्या जागी आधी हात मागे बांधून बघायचं. डेपोत मी चार महिने साधी खुर्ची हलवली नाही. इथे तिसऱ्या आठवड्यात टेबल उचललं.

डिस्पॅचकाका : तिथे नोकरी टिकवायची नव्हती. इथे काहीतरी करून दाखवावं लागतं.

मॅनेजर : शुक्रवारी माझे दोन महिने भरतात. मला कायम करायचं की नाही ते त्या दिवशी ठरेल. आणि दाखवण्यासारखं माझ्याकडे एकच काम आहे, ते टेबल. खरं सांगते काका, भीती वाटतेय. आत्या तर ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणायला टपूनच बसलीय.

डिस्पॅचकाका : मग सरळ मेमो द्या. तुमच्यापुढे तीस वर्षं आहेत, माझ्यापुढे दोन. एका ताकिदीने माझी फाइल काही जाड होत नाही.

मॅनेजर : नुसती ताकीद नाही. सोबत लवकर निवृत्तीचा फॉर्म जोडायला सांगितलाय.

डिस्पॅचकाका : ...हे नव्हतं माहीत.

(ती कागद पुढे ओढून लिहिते.)

मॅनेजर : ऐका. ‘दोन्ही पेट्या चुकल्या, कारण पत्त्यातले बदल डिस्पॅचला कळले नाहीत. ते चहाच्या टेबलाशी तोंडी कळत असत. ते टेबल मी, चौकशी न करता हलवलं. चूक माझी आहे. फॉर्मवर आजपासून नवा रकाना राहील.’

डिस्पॅचकाका : आणि गुडघा?

मॅनेजर : गुडघा यात नाही.

डिस्पॅचकाका : शुक्रवारी काय होईल तुमचं?

मॅनेजर : शुक्रवारचं शुक्रवारी.

डिस्पॅचकाका : एक सांगू? तुम्ही रकाना केलात तरी ती बाई त्यात काही लिहायची नाही. तिला बोलायला माणूस लागतं.

मॅनेजर : म्हणून टेबलही खाली आणतेय. हमालांना निरोप धाडलाय. साडेदहाला अजून वीस मिनिटं आहेत.

डिस्पॅचकाका : जड आहे हो ते. मी उचलू लागलो असतो, पण...

मॅनेजर : उचलू नका. तुम्ही जिन्याशी उभे राहा आणि नेमकं कुठे होतं ते सांगा. या वेळी विचारून ठेवते.